सुरतेची लूट आणि वृत्तपत्रांतील एक शब्द

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकारदिन म्हणून पाळला जातो. ह्याच तारखेला, बरोबर १६८ वर्षे आधी, एका बुधवारी दुपारच्या सुमारास शिवाजी महाराज सुरतेच्या बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील बागेत येऊन उतरले होते. ही तारीख त्या काळच्या इंग्रजी जुन्या पंचांगाची. आजच्या गणनेप्रमाणे ती दहा दिवस पुढे सरकते. तेव्हा ह्या योगायोगात काही गूढ अर्थ शोधण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट खरी की, त्या बुधवारी सुरतेत जे घडले त्याला मराठीने जे नाव दिले, ते नाव पुढे वृत्तपत्रांच्या रकान्यांतून फार लांबचा प्रवास करून आले. ते नाव म्हणजे ‘लूट’. दोन अक्षरांचा हा शब्द मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो, आणि त्याचा नेमका अर्थ काय ह्यावर थोर विद्वानांचेही अद्याप एकमत नाही.

शब्दाचे कूळ तसे साधे आहे. संस्कृतात ‘लुण्ट्’ व ‘लुण्ठ्’ असे धातू असून दरोडेखोराला ‘लुण्टाक’ म्हटलेले आढळते. गुजरातीने ह्या धातूतील अनुनासिक अजून जपले आहे. सुरतेचा माणूस ‘लूंट’ म्हणतो. मराठीने आणि हिंदीने तो अनुस्वार वाटेत टाकून दिला आणि ‘लूट’ उरली. मात्र मराठीने ह्या शब्दावर जो संस्कार केला तो काही औरच आहे. लुटणे म्हणजे बळाने हिरावून घेणे हा अर्थ सर्वांचा; पण दसऱ्याला आपण आपट्याची पाने आणतो तेव्हा ‘सोने लुटतो’ आणि लगेच ते दुसऱ्याच्या हाती देतो. सहलीला गेलेली मुले मजा लुटतात, रसिक गाण्याचा आनंद लुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण ‘लुटतात’, म्हणजे चक्क वाटतात. बोरन्हाणात बोरे आणि चुरमुरे लुटण्यासाठी पोरे जमिनीवर लोळण घेतात. घेणे आणि देणे ही दोन टोके ज्या एका क्रियापदात सुखाने नांदतात, ते क्रियापद एखाद्या ऐतिहासिक प्रसंगाला चिकटले म्हणजे वाद होणारच.

प्रसंग तरी कोणता होता? शाएस्तेखान १६६० पासून तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या फौजेने आसपासचा मुलूख उजाड केला होता. स्वराज्याचा खजिना रिता झालेला. उलट सुरत हे मोगल बादशाहीचे पश्चिमेकडील मोठे बंदर, हजच्या यात्रेचे दार, आणि विरजी व्होरासारख्या सावकारांचे शहर. विरजीची गणना त्या काळच्या जगातील धनाढ्यांत होत असे. शहराला धड तटबंदी नव्हती. सुभ्याचा अधिकारी इनायतखान धोक्याची वार्ता येताच किल्ल्यात जाऊन बसला आणि रयत वाऱ्यावर सुटली. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन ह्याने सुवाळीच्या बंदरातून खलाशी आणवून वखारीची नाकेबंदी केली. डचांनीही तेच केले. रविवारी १० जानेवारीला मोगल कुमक जवळ आल्याची बातमी लागताच महाराज निघून गेले. त्या अवधीत विरजी व्होराचा आणि हाजी झाहिद बेगचा वाडा रिकामा झाला होता आणि शहराचा बराच भाग जळाला होता.

ह्या घटनेचे वर्णन करणारी जी साधने उरली आहेत त्यांत एक पत्र मोठे कुतूहलाचे आहे. सुरतेच्या इंग्रजी वखारीचा धर्मोपदेशक जॉन लेस्कालिए ह्याने २६ जानेवारी १६६४ रोजी इंग्लंडातील नॉर्विच शहरी राहणाऱ्या सर टॉमस ब्राउन ह्या प्रसिद्ध वैद्य-ग्रंथकाराला ते लिहिले. छापील वृत्तपत्रे सुरतेत नव्हतीच, इंग्लंडातही बाल्यावस्थेत होती. तेव्हा हे पत्र म्हणजे त्या काळची वृत्तकथाच म्हणावयास हरकत नाही. त्यात आगीचे वर्णन आहे, हात तोडल्याच्या हकीगती आहेत, पत्रलेखकाचा संताप आहे. एक गोष्ट मात्र त्यात नाही, आणि ती म्हणजे ‘लूट’ हा शब्द. वखारीच्या इतर पत्रव्यवहारातही तो नाही. इंग्रजांपाशी त्यांचे स्वतःचे दोन-चार शब्द होते आणि तेच त्यांनी वापरले. आपल्याकडील बखरकारांच्या लेखणीतही अशा प्रसंगी ‘शहर मारणे’ हा प्रयोग सहज येतो. ‘सुरतेची लूट’ हा आज अगदी स्वयंभू वाटणारा शब्दप्रयोग पुढे पाठ्यपुस्तकांनी आणि नियतकालिकांनी पक्का केला.

लेस्कालिएच्या पत्राच्या जोडीला बर्निए ह्या फ्रेंच प्रवाशाची हकीगत ठेवून पाहावी. बर्निए त्या वर्षांत हिंदुस्थानात होता. तो सांगतो की, सुरतेतील कापुचिन धर्मगुरू फादर ॲम्ब्रोज ह्यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही. ही फिरंगी पाद्री मंडळी सज्जन आहेत, त्यांना त्रास होता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता. ही गोष्ट मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते. परंतु त्याच ठिकाणी बर्निए आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डचांचा एक हिंदू दलाल तेव्हा वारलेला होता. तो हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून त्याचेही घर वगळण्यात आले. शहर जळत असताना कोणा मृत गृहस्थाच्या दानधर्माची चौकशी व्हावी आणि तिचा मान राखला जावा, ही गोष्ट नुसत्या लुटारूच्या चरित्रात बसत नाही. हेही तितकेच खरे की, ज्याचे घर जळले त्या सुरतकराला ह्या बारकाव्याशी काय कर्तव्य! इनायतखानाने बोलणी करण्याच्या मिषाने पाठविलेल्या माणसाने महाराजांवर कट्यार चालविली, त्यानंतर छावणीत जो सूड उगवला गेला त्यात कैदी म्हणून सापडलेल्या माणसांचे हात गेले, जीव गेले. इतिहास सांगताना दोन्ही हकीगती एका दमात सांगावयास हव्यात. त्या तशा सांगितल्या जात नाहीत, कारण एका पक्षाला एक शब्द हवा असतो आणि दुसऱ्याला दुसरा.

१६७० च्या ऑक्टोबरच्या आरंभी महाराज पुन्हा सुरतेवर आले. ह्या खेपेस इंग्रजांच्या वखारीचा बचाव स्ट्रेन्शॅम मास्टर ह्याने केला. परत जाताना महाराजांनी शहराच्या अधिकाऱ्यांना व सावकारांना पत्र लिहून दरसाल बारा लाख रुपयांची मागणी केली. ती दिल्यास पुन्हा येणार नाही, असे त्याचे तात्पर्य होते. वाटेत १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेशी लढाई होऊन मराठ्यांनी ती जिंकली. पुढे १६७२ मध्ये त्यांनी सुरतेच्या अधिकाऱ्यांकडे पुन्हा मागणी केली, तेव्हा तिचे कारणही दिले: तुमच्या बादशहाने आमच्या मुलखाच्या रक्षणासाठी आम्हांला फौज बाळगावयास लावली, तेव्हा तिचा खर्च त्याच्या प्रजेने सोसावा. हे बोलणे दरोडेखोराचे नव्हे, हे एका राज्याने दुसऱ्या राज्याशी केलेले बोलणे आहे. ते सुरतेच्या व्यापाऱ्याला पटले असेल असे मात्र समजू नये.

ह्याच सुमारास सुरतेची बातमी प्रथम छापील वृत्तपत्रात शिरली. लंडनचे सरकारी पत्र ‘लंडन गॅझेट’ हे १६६५ साली ऑक्सफर्डला निघाले आणि पुढल्या वर्षी लंडनला आले. त्याच्या १६७२ सालच्या एका अंकात सुरतेहून आलेल्या पत्राच्या आधारे शिवाजी महाराजांविषयीचा मजकूर आहे. तेथे त्यांना ‘बंडखोर’ म्हटले आहे, आणि त्याच श्वासात, बादशाही फौजांना वारंवार हरविणारा असाही त्यांचा उल्लेख आहे. वृत्तपत्रे तेव्हापासूनच अशी दुहेरी बोलत आली आहेत. ‘लूट’ येथेही नाही.

सुरतेच्या भिमजी पारेखांची आठवण येथे काढली पाहिजे. हे कंपनीचे दलाल. सुरतेवर दुसरी धाड पडली त्याच १६७० साली त्यांनी कंपनीकडे एक मुद्रक पाठवा अशी मागणी केली होती. आपल्या देशातील प्राचीन लेखन छापून काढावे ही त्यांची इच्छा. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईला येऊन दाखलही झाला. परंतु देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची विद्या त्याला अवगत नव्हती आणि तो उद्योग फसला. तो साधला असता तर पश्चिम हिंदुस्थानात देशी छपाई सव्वाशे वर्षे आधी सुरू झाली असती, आणि कोणी सांगावे, सुरतेच्या ह्या प्रसंगाची सुरतकरांनीच छापलेली हकीगत आज आपल्या हाती असती. पुढे जे साधले तेही सुरतेच्याच माणसाने. १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ काढणारे फर्दुनजी मर्झबान हे जन्माने सुरतेचे.

मग ‘लूट’ हा शब्द इंग्रजीत गेला तो केव्हा? अठराव्या शतकात कंपनीच्या फौजा जसजशा देशभर पसरल्या तसतसे गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो बसू लागला. फौजेच्या मागेपुढे हिंडून लुटालूट करणाऱ्या बेकायदा टोळ्यांना ते ‘लूटीवाला’ म्हणत. त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांसाठी तयार झालेल्या हिंदी शब्दांच्या याद्यांत तो येतो. यूल आणि बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या जाडजूड कोशात त्याचा इतिहास दिला आहे. त्यांच्या मते हा शब्द आधी हिंदुस्थानातील इंग्रजांपुरताच होता. १८४१ चे चीनचे युद्ध, १८५४-५५ ची क्रिमियाची लढाई आणि १८५७-५८ चा येथील उठाव ह्या तीन प्रसंगांमुळे तो हळूहळू खुद्द इंग्लंडात रुजला. ह्या यादीतील शेवटले नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल १८५८ च्या मार्चमध्ये लखनौला होता आणि कैसरबागेत विजयी शिपायांनी जे केले ते त्याने डोळ्यांनी पाहिले, लिहिले आणि इंग्लंडात घरोघरी वाचले गेले. म्हणजे इंग्रजाला हा शब्द पक्का ठाऊक झाला तो मराठ्यांच्या करणीमुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्या शिपायांच्या करणीमुळे. १८६० मध्ये पेकिंगचा उन्हाळी राजवाडा फोडला गेला तेव्हा तेथे सापडलेले एक इवलेसे कुत्रे एका कप्तानाने व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्याचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’! ते पुढे राजवाड्यात १८७२ पर्यंत जगले आणि त्याचे चित्रही काढविण्यात आले. नामकरणातील हा मोकळेपणा वाखाणण्याजोगा खराच.

कागदोपत्री मात्र हा मोकळेपणा नसे. कंपनीच्या सैन्याने जिंकलेल्या ठिकाणचे द्रव्य घेतले की त्याला म्हणावयाचे ‘प्राइझ’. त्यासाठी अधिकारी नेमलेले, याद्या केलेल्या, हिस्से ठरलेले. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली तेव्हा हाती आलेले द्रव्य ‘डेक्कन प्राइझ’ म्हणून इंग्लंडात प्रसिद्ध झाले आणि त्याच्या वाटणीवरून बड्याबड्या सेनापतींचे तंटे कित्येक वर्षे चालले. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा हिरा ह्याच वाटेने १८१८ मध्ये लंडनला गेला आणि जवाहिऱ्याच्या दुकानात विकला गेला. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते तेही ‘प्राइझ’, आणि त्र्यंबकेश्वराचा हिरा गेला तोही ‘प्राइझ’! त्याच सुमारास, १८२६ मध्ये, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे कॅप्टन केपन ह्याने तो ‘मराठ्यांची बखर’ म्हणून मराठीत आणला आणि तो शाळांतून शिकविला जाऊ लागला. मराठी मुलाने आपल्या पूर्वजांची ओळख करून घ्यावयाची ती ह्या पुस्तकातून. आणि त्यात मराठ्यांच्या उदयाची कथा बहुतांशी लुटालुटीची कथा होऊन बसली होती.

ह्या शब्दाची दिशा उलटी फिरविण्याचे धाडस प्रथम केले ते मुंबईच्या एका तरुणाने. १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’ ह्या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ अशा सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. पेंढाऱ्यांपासून आणि रामोशांपासून आम्ही तुम्हांला वाचविले, ह्या इंग्रजांच्या नेहमीच्या बढाईला त्यांनी दिलेले उत्तर आजही अंगावर काटा आणते. त्याचा आशय असा की, त्या टोळ्यांना पाचसहाशे वर्षांत जेवढे नेता आले नसते तेवढे तुमच्या व्यापाराच्या पद्धतीने थोड्या वर्षांत आमच्या खिशांतून काढून नेले. दादाभाई नौरोजींनी द्रव्यशोषणाचा सिद्धांत आकड्यांनिशी मांडला त्याच्या पुष्कळ आधी एका मराठी लेखणीने इंग्रजांच्याच पत्रात, इंग्रजांच्याच भाषेत हे लिहून ठेवले. घोड्यावर बसून केलेली लूट डोळ्यांना दिसते. कोठीत बसून वहीत केलेली दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ह्या भास्कररावांचे वडील बंधू म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग. आणि दादोबा ह्या सुमारास कोठे होते? सुरतेतच, शिक्षक म्हणून. तेथील दुर्गाराम मेहताजींबरोबर २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानातील सुधारणेच्या इतिहासात हे नाव अग्रभागी येते. एका मराठी शिक्षकाने आणि एका गुजराती शिक्षकाने मिळून, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या ज्वाळांची आठवण बाजूला सारून, सुरतेत हे काम आरंभले ही गोष्ट ‘सुरतेची लूट’ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला, तेव्हा सुरत खवळून उठली, दुकाने बंद पडली, दंगे झाले आणि सरकारला वाढीव करात माघार घ्यावी लागली. मिठाच्या खड्यावर हात टाकणाऱ्याला लोकांच्या बोलीत काय म्हणत असतील ते सांगावयास कोश नको.

सुरतेच्या स्वतःच्या वृत्तपत्रांचा काळ त्यानंतरचा. ‘गुजरातमित्र’ हे पत्र १८६३ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू आहे. एवढे दीर्घायुष्य फार थोड्या देशी पत्रांच्या वाट्याला आले. कवी नर्मद हे सुरतेचे सुपुत्र. त्यांनी १ सप्टेंबर १८६४ पासून ‘दांडियो’ हे पाक्षिक काढले. पहिल्या धाडीला त्या साली दोनशे वर्षे पुरी झाली होती. नर्मदांनी सुरतेचा एक संक्षिप्त इतिहासही लिहिला. गुजरातीत गर्जना करणारा, स्वदेशाभिमान हा शब्द घरोघर नेणारा हा पुरुष आणि पुण्यात त्याच दशकात ग्रँट डफला उत्तर देऊ पाहणारे तरुण, ह्यांच्यात एका भाषेचे अंतर असले तरी वृत्तीचे फारसे नव्हते. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या बखरीवर जी टीका वाचली, तिने मराठी इतिहाससंशोधनाचे दार उघडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये, सान्यांच्या आणि मोडकांच्या परिश्रमांचे ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक १८७८ मध्ये. त्यातून जुन्या बखरी आणि पत्रे छापून निघू लागली. आपल्या पूर्वजांविषयी परक्याने योजलेला शब्द आपण तपासून घ्यावा, ही जाणीव ह्या मासिकांनी दिली.

‘केसरी’च्या काळात ह्या शब्दाला नवी धार आली. १८९६ च्या दुष्काळात ठिकठिकाणी धान्याची दुकाने फुटू लागली तेव्हा ‘केसरी’ने शेतकऱ्यांना बजावले की, बाजार कशाला लुटता? कलेक्टरकडे जा, काम मागा, अन्न मागा. ते देणे त्याचे कर्तव्य आहे. भुकेल्याची लूट आणि कायद्याने मिळणारा हक्क ह्यांतील भेद इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितला असेल. त्याच वर्षी रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याबरोबर महाराजांच्या चरित्रातील प्रत्येक प्रसंगावर इंग्रजी आणि देशी पत्रांची खडाजंगी सुरू झाली. अफझलखानाचा प्रसंग राजद्रोहाच्या खटल्यापर्यंत गेला, हे सर्वश्रुत आहे. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी आपल्या लेखांतील मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर दिवसचे दिवस युक्तिवाद केला. शब्दाच्या छटेवर सहा वर्षांची शिक्षा अवलंबून होती. ह्या खटल्याच्या अवघे काही महिने आधी, १९०७ च्या डिसेंबरात, टिळक सुरतेतच होते. राष्ट्रीय सभेचे ते अधिवेशन मुळात नागपूरला व्हावयाचे. ते सुरतेला हलविले गेले आणि २७ डिसेंबरला मंडपात जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या, सभा दुभंगली. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात सुरतेच्या नावापुढे दोन शब्द उभे राहतात: लूट आणि फूट. यमक जुळले म्हणून दोन्ही तोंडी बसले, हेही एक कारण असावे.

विसाव्या शतकात ‘आर्थिक लूट’ हा जोडशब्द अग्रलेखांतून इतका रुळला की तो कोणीतरी केव्हातरी पहिल्याने लिहिला असेल हेही ध्यानात येत नाही. आजच्या दैनिकात तर ह्या शब्दाची चैनच आहे. पहिल्या पानावर रुग्णांची लूट, प्रवाशांची लूट, ग्राहकांची लूट. खेळाच्या पानावर धावांची आणि पदकांची ‘लयलूट’. आणि दसरा-दिवाळी आली की जाहिरातीत सवलतींची लूट, म्हणजे दुकानदार आपण होऊन म्हणतो की या आणि मला लुटा. एकाच अंकात, चार पानांच्या अंतरावर, शिवी आणि आमंत्रण! वर सांगितलेली घेण्यादेण्याची दोन टोके वृत्तपत्रानेही अशी सांभाळली आहेत.

इतिहासाच्या पानावर मात्र हा शब्द अजून शांत झालेला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात पुन्हा वाद पेटला: महाराजांनी सुरत ‘लुटली’ असे म्हणावे की नाही? कोणी म्हणाले, ती स्वारी होती. कोणी म्हणाले, ती शत्रूच्या खजिन्यातून केलेली वसुली होती. कोणी म्हणाले, लूट म्हणण्यात कमीपणा कसला, शत्रूची पेठ लुटणे हा त्या काळचा युद्धधर्मच होता. ह्या वादात एक बारीक गोष्ट निसटून गेली. ज्या मराठीने ‘सुरतेची लूट’ असे अभिमानाने म्हटले, तिच्या लेखी लूट हा शब्द दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचा सोयरा होता. ज्या इंग्रजीने तो उचलला, तिच्या लेखी तो गुन्ह्याच्या पंचनाम्यातला होता. आपण आता आपलाच शब्द इंग्रजीच्या कानांनी ऐकतो आणि दचकतो. तो पुसून टाकल्याने १६६४ चा विरजी व्होरा श्रीमंत होणार नाही, आणि जपून ठेवल्याने महाराजांच्या मोठेपणाला उणेपणा येणार नाही. बर्निएच्या पुस्तकातला तो दानशूर दलाल आणि लेस्कालिएच्या पत्रातली ती राख, दोन्ही पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर छापण्याइतकी जागा मात्र काढता यावी.

सुरत आज कापडाची आणि हिऱ्यांची नगरी आहे. तेथील यंत्रमागांवर आणि गिरण्यांत खानदेशातून आलेली हजारो मराठी माणसे राबतात. लिंबायत, उधना, पांडेसरा ह्या भागांत मराठी आणि अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. जानेवारी महिन्यात, शिवाजी महाराज बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरले होते त्याच दिवसांत, तेथील मराठी घरांतून संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तिळगूळ होतो, आणि शेजारच्या गुजराती बहिणींना बोलावणे जाते की, आमच्याकडे आज वाण लुटायचे आहे, जरूर या. त्याही येतात, आणि हातात वाटी किंवा फणी-करंडा घेऊन घरी जातात.